खुर्ची धरायला गेलेली लिगाया

रांग दिसली की लिगायाचा चेहरा खुलायचा. सिंगापुरात तोआ पायोहच्या पॉलिक्लिनिकसमोरून आम्ही दोघी भाजी घेऊन परत येत असू, तेव्हा ती हटकून थांबायची आणि काचेतून आत बघत राहायची. आत बघण्यासारखं काय, तर टोकन धरून बसलेली म्हातारी माणसं आणि भिंतीवर बदलणारे लाल आकडे. मी दोन पिशव्या सांभाळत ताटकळायची आणि ही बाई डोळे भरून ते आकडे बघायची.

"ते आजोबा बघ. त्यांना इथे कुणीही ओळखत नाही," ती म्हणायची, "तरी त्यांचा नंबर आला!"

"अगं, येणारच. त्यासाठीच असतो नंबर," मी म्हणायची. त्यावर ती माझ्याकडे अशी बघायची, की जणू मी लाडावलेली श्रीमंताघरची लेक आहे आणि नळाला पाणी येतं यात विशेष काय, असं विचारतेय.

लिगाया फिलिपिन्सची. ज्या जहाज कंपनीच्या अकाउंट्समध्ये मी होते, तिथेच ती ऑपरेशन्समध्ये होती. आमच्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी होती. 'तात्पुरती' म्हणून ती राहायला आली आणि चार वर्षं राहिली. उंचीने जेमतेम माझ्या खांद्याला लागायची, पण चाल अशी की समोरून येणारे आपोआप बाजूला व्हायचे. रविवारी सकाळी तिला सुकी मासळी तळायची हुक्की यायची. माझं माहेर मालवणचं, त्यामुळे त्या वासाने मला उलट भूक लागायची. नवरा मात्र पुण्याचा, तो कॉरिडॉरमधल्या तुळशीला अर्धा तास पाणी घालत बसायचा. माझी लेक सई तेव्हा शाळेत होती. लिगायाने एकदा तिच्याकडून न ओरडता, नुसतं दारात उभं राहून कपाट आवरून घेतलं. सई मला इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आई, शी इज लाइक प्रिन्सिपल, लाह."

ऑफिसात तिचं एक वाक्य प्रसिद्ध होतं. कुणी फोनवर अमक्या साहेबांचं, तमक्या एजंटचं नाव सांगायला लागला की ती मध्येच तोडायची. "कुणाला ओळखता ते सांगू नका. काय हवंय ते सांगा." शब्द उद्धट, पण ती ते इतक्या शांतपणे म्हणायची की समोरचा मुकाट्याने काय हवंय ते सांगायचा. स्वतःचं आडनावही ती कुठे लिहायची नाही. ईमेलच्या खाली नुसतं 'लिगाया'. मला वाटायचं, नवऱ्याबिवऱ्याची काही भानगड असेल. कारण निघालं भलतंच.

आमच्या वरच्या मजल्यावर एका चिनी आजींना सांभाळायला नेनिता नावाची बाई होती. एकदा ती आमच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरली, तिने लिगायाकडे बघितलं, आणि एकदम भिंतीला चिकटून उभी राहिली. "मॅम!" असं म्हणून तिने लिगायाच्या हातातल्या पिशव्याच ओढायला सुरुवात केली. लिगाया देईना, ती सोडेना. त्या झटापटीत माझे टोमॅटो लिफ्टभर झाले.

त्या संध्याकाळी लिगायाने सगळं सांगितलं. नेनिता तिच्याच शहरातली होती, आणि त्या शहरात लिगायाचे आजोबा मेयर होते, मग वडील, आणि आता मोठा भाऊ. आपल्याकडचा महापौर फिती कापतो आणि हार घालून घेतो. त्यांच्याकडचा मेयर म्हणजे शहराचा कर्ताकरविता. आजाऱ्याला सरकारी इस्पितळात दाखल करायचं, तरी मेयरचं पत्र लागतं.

"आमच्या शहरात बस-थांब्यावर आमचं आडनाव," ती म्हणाली. "बास्केटबॉलच्या फळ्यांवर, अँब्युलन्सवर, उन्हाळ्यात वाटतात त्या पंख्यांवर. माणूस आमच्या नावाच्या दवाखान्यात जन्मतो आणि आमच्या नावाच्या शवपेटीतून जातो."

रोज सकाळी त्यांच्या घरासमोर माणसं जमायची. वडील बनियनवर नाश्त्याला बसायचे आणि एकेकाला आत बोलवायचे. औषध, शाळेचा प्रवेश, दफनाची सोय, सगळं त्या जेवणाच्या टेबलावर व्हायचं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लिगाया गृहपाठ करायची. शाळेत जाण्याआधीच तिला कळलेलं असायचं की कुणाचा नवरा पितो आणि कुणाच्या मुलाला ताप आहे. "बाबा वाईट नव्हते," ती म्हणाली. "कुणाला नाही म्हणायचे नाहीत. म्हणून तर लोक उभे राहायचे." त्या टेबलापासून लांब पळायचं म्हणून ती सिंगापूरला आली होती.

पळून कुठे जाणार? नेनिताने बातमी फोडली आणि दर रविवारी आमच्या दारात त्या शहरातल्या दोन-तीन बाया उभ्या राहू लागल्या. कुणाचं वर्क परमिट अडकलं, कुणाची मालकीण सुट्टी देत नाही. लिगाया कपाळावर हात मारायची, पण पायात चपला घालायची. ती कुणाचंही काम स्वतः करून द्यायची नाही. त्या बाईला घेऊन योग्य त्या काउंटरपर्यंत जायची, नंबर तिलाच घ्यायला लावायची आणि मागे उभी राहायची. "बोल. काय हवंय ते सांग." बाया आधी रडायच्या, मग बोलायला शिकल्या.

मग एका वर्षी तिचा भाऊ आला. ती त्याला कुया म्हणायची. कुया म्हणजे दादा. मीही तेच म्हणू लागले.

खरं सांगते, मला कुया फार आवडला. आमच्या जेवणाच्या टेबलाशी तो असा बसला की जणू टेबल त्यानेच दिलंय. पाच मिनिटांत त्याने नवऱ्याची शुगर विचारली, सईला कुठलं कॉलेज हवंय ते विचारलं, आणि मी, जिने शेजारणीलाही कधी दुखणी सांगितली नाहीत ती मी, त्याला माझ्या गुडघ्याबद्दल सांगत होते. त्याने खिशातली छोटी वही काढून 'मीनल, डावा गुडघा' असं लिहूनही घेतलं. लिगाया स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघत होती. मला लाजल्यासारखं झालं, पण गुडघ्याला बरं वाटलं.

त्याचं काम साधं होतं. कायद्याने त्यांच्याकडे सलग तीनच वेळा मेयर होता येतं. त्याच्या तीन वेळा संपत आल्या होत्या. मध्ये एक टर्म दुसऱ्या कुणी बसायचं, मग तो परत उभा राहायला मोकळा. तेवढ्यापुरतं घरातलं माणूस हवं होतं. "तीन वर्षं फक्त," तो म्हणाला. "तुला काहीच करायचं नाही. करायचं ते मी करीन."

इथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या आवारात, टेबल धरायला लोक टिश्यू पेपरचं पाकीट ठेवून जेवण आणायला जातात, आणि त्या पाकिटाला कुणी हात लावत नाही. लिगायाला याचं फार कौतुक. आमच्याकडे टेबल धरायला वडिलांचं नाव ठेवावं लागतं, असं ती म्हणायची. कुया झोपायला गेल्यावर मी तिला चिडवलं, "म्हणजे तू त्यांचं टिश्यूचं पाकीट!" ती हसली नाही. "मी जाणार नाही," म्हणाली, आणि सगळी भांडी पुन्हा एकदा घासली.

कुया तीन दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी नेनिता धावत खाली आली. तिच्या आईच्या पायाची जखम चिघळली होती. इस्पितळात दाखल व्हायला मेयरचं पत्र हवं, म्हणून म्हातारी तीन दिवस मेयरच्या घराच्या फाटकाशी बसून होती. मेयर घरी नव्हता. मेयर आमच्याकडे पोहे खात होता! नेनिताला हे कुणीतरी लिफ्टमध्ये सांगितलं होतं.

कुया ताडकन उठला. सईच्या वहीचं पान फाडून त्याने तिथेच पत्र लिहिलं, सही केली, फोटो काढून पाठवला, दोन फोन केले. तासाभरात म्हातारी दाखल झाली. नेनिता त्याचे हात धरून रडली. माझेही डोळे भरून आले. केवढा मोठा माणूस, असं वाटलं मला.

कुया परत गेल्यावर दोन दिवसांनी नेनिता तांदळाच्या वड्यांचं ताट घेऊन आली. आईच्या पायाची दोन बोटं कापावी लागली होती. "मेयरसाहेब इथे नसते तर अख्खा पाय गेला असता, मॅम," असं म्हणून तिने पुन्हा पुन्हा आभार मानले. लिगायाने ताट घेतलं, दार लावलं आणि तशीच उभी राहिली.

"तीन दिवस," ती मला म्हणाली. "मीनल, इस्पितळ तिच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. ती तीन दिवस एका सहीसाठी बसली, आणि आपण त्याला पोहे वाढत होतो."

वाढले मीच होते.

तिने तिथूनच कुयाला फोन लावला. स्पीकरवर त्याचा आनंद मावत नव्हता. "एक टर्म," ती म्हणाली, "मग खुर्ची तुझी." शब्द दिला तिने. मी साक्षीला होते, म्हणून सांगते.

लिगाया गेली, निवडून आली. त्या आडनावाला पडायची सवयच नव्हती. तिचा फोन रविवारी यायचा. पहिलं काम तिने काय केलं असेल, हे मला न सांगताच कळलं होतं. नगरपालिकेच्या खालच्या मजल्यावर चार काउंटर आणि टोकनचं मशीन. इस्पितळाच्या पत्रावर कुठल्याही काउंटरवरचा कारकून सही करणार, मेयरची गरज नाही. उद्घाटनाला ती स्वतः मशीनपाशी उभी राहिली आणि हसत हसत तिने आपल्या हाताने टोकनं वाटली. माणसांची ही गर्दी! काउंटरवाल्यांनी नंबर पुकारायला सुरुवात केली, तर कुणी पुढे येईना. हॉल रिकामा. लोक टोकन घेऊन घरी गेले होते. मेयरच्या हातून मिळालेली वस्तू, ती काय परत द्यायची असते? टोकन मिळालं म्हणजे काम झालं, असं समजून कुणी ते देवाच्या तसबिरीमागे खोचलं, कुणी पाकिटात घडी करून ठेवलं.

मी फोनवर हसून हसून लोळले. तिला हसू आलं नाही. "चूक माझी," ती म्हणाली. "मी बाबांसारखी उभी राहिले." दुसऱ्या दिवसापासून मशीनपाशी चौकीदार उभा राहिला, आणि लिगाया आठवडाभर घरोघर फिरून माणसांना परत घेऊन आली. "टोकन आणा. काय हवंय ते तिथे सांगा."

तिकडे घरी कुयाने टेबल चालूच ठेवलं होतं. पद नसलं तरी फोन होते, ओळखी होत्या, आणि आईच्या हातची कॉफी होती. लिगाया त्याच घरात राहत होती. रोज सकाळी ती स्वतःच्या घरातून निघायची ती भावाच्या रांगेतून वाट काढत. लोक तिला अदबीने नमस्कार करायचे, बाजूला व्हायचे आणि परत कुयाच्या दाराकडे तोंड करून उभे राहायचे. ती प्रत्येकाला म्हणायची, "नगरपालिकेत या." लोक हो म्हणायचे. येत मात्र थोडेच. शवपेट्यांवरून, थांब्यांवरून तिने घराण्याचं नाव पुसलं, तेव्हा आईने तिच्याशी बोलणं सोडलं. कॉफीचा कप समोर ठेवायची, पण बोलायची नाही.

"ये ना परत," मी एकदा म्हटलं. "खोली तशीच आहे."

"अजून पत्रासाठी लोक घरी जातात," ती म्हणाली, आणि विषय संपला.

तीन वर्षं संपत आली तेव्हा ती दोन दिवसांसाठी सिंगापूरला आली. मरीन परेडपलीकडे समुद्रकाठी झाडांखाली तिच्या शहरातल्या बाया रविवारी चटया टाकून बसतात, तिथे मला घेऊन गेली. परदेशातल्या माणसांना त्यांच्याकडे मेयरसाठी मत देता येत नाही. म्हणजे मतांसाठी ती आली नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिने उभं राहून सांगितलं की खुर्ची कुयाला परत देणार नाही, ती त्याच्याविरुद्ध उभी राहणार आहे. कुणाच्या डब्यातला भात डब्यातच राहिला.

नेनिता उठली. "मॅम, माझ्या आईचा पाय कुयांनी वाचवला. आमच्या घरची मतं त्यांनाच जाणार. तुम्हाला आधी सांगते, मागून नको."

मला त्या बाईचा राग आला. त्याहून जास्त, तिचं खरं आहे याचा राग आला. लिगाया मात्र तिच्याजवळ गेली. "दे त्यांना मत," म्हणाली. "पण पुढचं पत्र लागेल तेव्हा आईला नगरपालिकेत पाठव. घरी नको. एवढं करशील?"

परत येताना बसमध्ये मी तिला सुनावलं. "तू शब्द दिला होतास. माझ्यासमोर."

"दिला होता," ती म्हणाली. "मोडतेय. मला त्याची लाज वाटते, मीनल. तरी मोडतेय."

ती हरली. चांगली दणकून हरली.

दोन महिन्यांनी तिचा मेसेज आला. आमच्या कंपनीत जागा होती, तिने अर्ज केला होता, मुलाखतीला बोलावलं होतं. मला इतका आनंद झाला की मी खोलीचे पडदे बदलले. सई आता कॉलेजात होती, तिनेही टेबल रिकामं करून दिलं. मला माझी मैत्रीण परत हवी होती, यात लपवण्यासारखं काही नाही. ती आली ती वाळली होती, केस पांढरे झाले होते, पण ब्लाउजची इस्त्री तशीच कडक.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी आम्ही खाली हॉकर सेंटरमध्ये नारळाच्या जॅमचा काया टोस्ट खायला गेलो. मी तिला कुठल्या साहेबाला काय सांगायचं ते पढवत होते. तेवढ्यात तिचा फोन वाजला. नगरपालिकेतल्या काउंटरवरच्या मुलीने फोटो पाठवला होता. लिगायाने तो बघितला आणि टोस्ट खाली ठेवला.

मी डोकावून बघितलं. नगरपालिकेच्या दारातून रांग बाहेर रस्त्यापर्यंत आली होती. आणि आत, काउंटरमागच्या खुर्चीवर, कुया.

तिने त्या मुलीला फोन लावला, मग मला सांगितलं. मेयर झाल्यावर कुयाने पहिल्या दिवसापासून घरचं टेबल जोरात सुरू केलं. लोक आले, कॉफी प्यायले, नमस्कार केला आणि उठून नगरपालिकेत नंबर लावायला गेले. पत्र तिथे तासात मिळतं, हे तीन वर्षांत घरोघर कळलं होतं. घरी कुयाची अंघोळ होईपर्यंत थांबावं लागायचं. पुढच्या आठवड्यात कॉफीलाही कुणी येईना. आई किटली घेऊन उभी आणि टेबल रिकामं. शेवटी आज सकाळी कुया उठला आणि आपल्या पायांनी लोक होते तिथे गेला.

"आला तो," लिगाया म्हणाली. "मीनल, तो आला!" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या आँटी आमच्याकडे बघायला लागल्या. मी तिचा हात धरला.

मग तिने फोटो दोन बोटांनी मोठा केला. मला वाटलं, कुयाचा चेहरा बघतेय. तिने फोटो सरकवत सरकवत रांगेच्या शेवटाला नेला. तिथे छत संपलं होतं. एक म्हातारी डोक्यावर पुठ्ठा धरून उभी होती. लिगायाने डोळे पुसले आणि कुयाला फोन लावला. निवडणुकीनंतर ती दोघं पहिल्यांदाच बोलत होती.

"कुया, रांगेचं टोक उन्हात आहे. मंडप घाल. आज." तो काहीतरी बोलला, बराच वेळ बोलला. ती ऐकत होती. "ते सगळं नंतर," ती म्हणाली. "आधी मंडप."

फोन ठेवून ती उठली. मुलाखत अकराला होती, दहा वाजले होते. मी म्हटलं, "एमआरटीने वेळेत पोचशील."

"मला परत जायला हवं," ती म्हणाली.

"मंडप घालतो म्हणाला ना तो?"

"उलट्या बाजूला घालेल गं. सकाळचं ऊन कुठून येतं ते त्याला कुठे माहितेय? त्या रांगेत तो कधी उभा राहिलाय?"

वर येऊन तिने दहा मिनिटांत बॅग भरली. मी दारात उभी राहून बघत होते. दुपारच्या विमानाने ती गेली.